शेवटच्या पानावरचं गाव

“काका, तुम्ही आणि बाबा एकमेकांशी भांडायला निघालाय ना? मग दोघं एकाच बसने कसे काय जाता?”

विचारलं एकदाचं! मनातली भीती फुंकणीने चेहऱ्यावर दिसू दिली नाही. काल मधल्या सुट्टीत चष्मिस आणि लंबू या तिच्या जिवाभावाच्या मैत्रिणींनी तिला पाण्याच्या टाकीपाशी खिंडीत गाठलं होतं. “वादविवाद स्पर्धेत मोठी बक्षीस घेऊन आलीस. हिंमत असेल तर तुझ्या त्या काकांना हे विचारून दाखव. नाही विचारलंस तर तू भित्री भागूबाई!” गेल्या वर्षापर्यंत वर्गात हजेरी देताना हिचा आवाज फुटायचा नाही. आता तो असा काही फुटला होता, की बंद कसा करायचा हे तिचं तिलाच कळत नव्हतं. भित्री भागूबाई म्हणवून घेणं शक्यच नव्हतं.

पण घोडं अडलं काकांच्या कानाशी. त्यांनी उजवा कान पुढे केला. “आं? काय म्हणतेय?”

म्हणजे आता तोच प्रश्न ओरडून विचारायचा. सकाळची वेळ, बसथांबा माणसांनी भरलेला. फुंकणीने दम घेतला आणि विचारला. बोचकं घेऊन बसलेल्या बाईने वळून पाहिलं. वर्तमानपत्र वाचणाऱ्याने वर्तमानपत्र खाली केलं.

काकांनी शांतपणे गळ्याभोवतीचा मफलर सारखा केला. “बस एकच आहे म्हणून.”

“दुसरी असती तर?”

“तर दुसरीने गेलो असतो.”

“गेला असतास आणि भलत्याच गावाला उतरला असतास,” बाबा बाकावरून म्हणाले. “कंडक्टर घसा फोडून ओरडला तरी तुला ऐकू येतं का?”

एवढं मात्र काकांना बरोबर ऐकू गेलं. “आणि तुला बसवरची पाटी दिसते का? मघाशी दुधाच्या गाडीला हात करत होतास.”

वर्तमानपत्रवाला फिस्सकन हसला. बाबाही ओठातल्या ओठात हसले, मग आपण कुणाबरोबर हसतोय हे आठवल्यासारखं गप्प झाले. बस आली. तिघांनी आपापली जागा धरली, म्हणजे नेहमीचीच. फुंकणी खिडकीशी, बाबा मध्ये, आणि मधल्या वाटेपलीकडच्या सीटवर काका. भांडणाऱ्या माणसांनी शेजारी बसू नये, एवढी रीत ते दोघं पाळत होते.

हे काका तिचे सख्खे काका नव्हेत, बाबांचे भागीदार. दोघांची मिळून शिट्ट्यांची कार्यशाळा होती. खेळाच्या पंचांच्या, पोलिसांच्या, गाडीच्या गार्डच्या, सगळ्या पितळी शिट्ट्या. काका साचे कोरायचे. पोलादाच्या ठोकळ्यात केसाएवढ्या खोलीचा फरक त्यांना बोटाने कळायचा, पण आयुष्यभर प्रेसच्या धडाधड आवाजात उभं राहून डावा कान गेला होता आणि उजवा जायच्या वाटेवर होता. बाबा आवाज लावायचे. शिट्टीच्या तोंडाशी कानस एकदा इकडे, एकदा तिकडे फिरवायची, आत बुचाचा दाणा टाकायचा, फुंकायची, पुन्हा कानस. आणि तयार झालेली शिट्टी शेवटी तपासायची कोणी? तर गुडघ्याएवढ्या या पोरीने. कार्यशाळेच्या उंबऱ्यावर बसून ती दिवसभर फुंकत राहायची. गल्लीतले लोक कानात बोटं घालायचे. तेव्हापासून ती फुंकणी. शाळेच्या दाखल्यावरचं नाव शाळेपुरतं.

मग काकांच्या डोक्यात प्लॅस्टिक शिरलं. म्हणाले, पितळ आता कोण घेतो, साचा आहेच, त्यातच थोडा फेरफार करू आणि प्लॅस्टिकच्या काढू. बाबा म्हणाले, प्लॅस्टिकची शिट्टी म्हणजे सर्दी झालेलं कोंबडं. शब्दाने शब्द वाढला. कोण कुठल्या शब्दावर उठून गेला हे आता दोघांनाही आठवत नाही, पण उठून गेले ते गेलेच. राहिला साचा. काका म्हणाले, मी कोरला, माझा. बाबा म्हणाले, आवाज मी लावला, आवाजाशिवाय तो नुसता पोलादाचा दगड, म्हणून माझा. ना तुला ना मला, घाल कुत्र्याला, अशी गत झाली.

दोघंही गावातल्या न्यायालयात गेले. तिथल्या कारकुनाने करारनामा उलटापालटा करून पाहिला आणि परत दिला. “इथे नाही चालणार. शेवटचं पान बघा. तुमचा वाद बंदराच्या गावातल्या लवादापुढे चालेल, आणि तोही त्यांच्या प्रांताच्या कायद्याने. तुम्हीच लिहिलंय.”

लवाद म्हणजे दोन्ही बाजूंनी आधीच मान्य केलेला, न्यायालयाबाहेरचा न्यायाधीश. आता प्रश्न असा, की या दोघांचा त्या बंदराच्या गावाशी संबंध काय? काहीही नाही. तोवर जन्मात कधी तिथला समुद्र पाहिलेला नव्हता.

झालं होतं ते असं. कार्यशाळा सुरू करताना रीतसर करार हवा, असं कुणीतरी सुचवलं. दोघांच्या हाताशी एकच करार होता, पितळी पत्रा विकणाऱ्या व्यापाऱ्याशी केलेला. तो व्यापारी बंदराच्या गावचा. त्याने आपल्या सोयीने शेवटच्या पानावर आपलं गाव आणि आपला कायदा घातला होता, त्यात त्याचं काही चुकलं नाही. या दोघांनी काय केलं? तोच करार घेतला आणि त्यावरून आपला छापून काढला, एका साच्यातून दुसरा नग काढावा तसा. पुढची नावं बदलली, मधलं काम बदललं. शेवटच्या पानाला हात लावला नाही. कारण काकांचा धंद्याचा पहिला नियम: चालत्या साच्याला हात लावायचा नाही.

टाइप आईने केलं होतं. तिने तेव्हाच विचारलं होतं, “अहो, हे बंदराचं गाव कशाला मध्येच?”

दोघं खो खो हसले होते. “राहू दे गं. आम्ही काय कधी भांडणार आहोत?”

आई ही गोष्ट आता सांगते तेव्हा हसत नाही.

तर निकाल लागेपर्यंत साचा कुणीही वापरायचा नाही, असा लवादाचा हुकूम आला आणि साचा कपाटात मोहोरबंद होऊन बसला. शिट्ट्या बंद. काका दुसऱ्याच्या लेथवर कामाला जाऊ लागले. बाबा पाण्याच्या टाक्यांची झाकणं डागून देऊ लागले, मोतीबिंदूच्या डोळ्यांनी जमेल तितकी. आई छापखान्यात सकाळची पाळी करायची, आणि संध्याकाळचीही. रात्री जेवताना तिचा घास हातातच राहायचा आणि डोळे मिटायचे. आणि दर तारखेला बाबांबरोबर जायला कोण? फुंकणी. बाबांना कागद वाचून दाखवायला, पाट्या वाचायला, जिना उतरताना हात धरायला. आणि बसमध्ये, चहाच्या टपरीवर, रस्ता ओलांडताना काकांच्या उजव्या कानात ओरडायलाही तीच. एका बाजूचे डोळे आणि विरुद्ध बाजूचे कान!

सुरुवातीला तिला मजा यायची. शाळा बुडते, समुद्र दिसतो, वर मैत्रिणींना सांगायला गोष्ट. आता त्या बसच्या सीटचं फाटलेलं कव्हर बघितलं तरी तिला जांभई यायची. यंदा शाळेचं शेवटचं वर्ष. तारखांपायी चाचण्या बुडाल्या होत्या, आणि वर्गशिक्षिकेने सरळ सांगून टाकलं होतं, “आता सगळं वार्षिक परीक्षेवर. त्यातला एकही पेपर बुडाला तर वर्ष गेलं, पुन्हा याच वर्गात. मग स्पर्धा जिंकलीस काय आणि नाही काय.” चष्मिस आणि लंबू पुढे जाणार आणि आपण इथेच, धाकट्या पोरींच्या बाकावर गुडघे दुमडून बसलोय, हे चित्र फुंकणीला झोपेतही दिसायचं.

“पुढच्या महिन्याच्या पहिल्या सोमवारी गणिताचा पेपर आहे,” बस सुटल्यावर ती म्हणाली. बाबांना एकदा, मग मधल्या वाटेपलीकडे वाकून काकांना मोठ्याने.

“गणिताचा? आण वही,” काका म्हणाले. “वर्तुळाची जीवा आणि स्पर्शिका काय ते येतं ना? नाही तर इकडे दे, साचा कोरणाऱ्याला वर्तुळ शिकवायला लागत नाही.”

मग निम्मा रस्ता काकांनी तिला वर्तुळं काढायला लावली. हलत्या बसमध्ये त्यांनी पेन्सिलीने हाताने काढलेलं वर्तुळ कंपासने काढल्यासारखं आलं. बाबांनी वही डोळ्याशी नेऊन पाहिली. “हात अजून आहे रे तुझा.”

“हात आहे. काम नाही.”

“बोंबल. प्लॅस्टिक कोणाला हवं होतं?”

“झालं सुरू,” फुंकणी पुटपुटली आणि खिडकीला डोकं टेकलं. मध्ये केव्हातरी डबा उघडला. आईने तिघांपुरती उकडलेली अंडी दिली होती. तिघांपुरती, हे आईला सांगावं लागत नाही. काकांनी मीठ काढलं. ते स्वतःच्या खिशातून पुडी आणायचे, कारण आई मीठ घालायला हटकून विसरायची. अंडी सोलताना दोघंही केसबद्दल चकार शब्द काढत नव्हते. एकजण पोलाद हल्ली कसं ठिसूळ येतं ते सांगत होता, दुसरा ऐकत होता. हे असं दर वेळी. फुंकणीला एकदा वाटून गेलं, की जाताना येताना हे दोघं जितकं बोलतात तितकं कार्यशाळा चालू असतानाही बोलत नव्हते.

लवादाचं कार्यालय एका जुन्या इमारतीत वरच्या मजल्यावर होतं. खाली दात दुरुस्त करणाऱ्याचा दवाखाना, त्यामुळे जिन्यात कायम लवंगेच्या तेलाचा वास आणि कुणाचं तरी कण्हणं. बाहेरच्या बाकावर फुंकणी इतक्या वेळा बसली होती, की बाकाच्या कडेला कोरलेली नावं तिला पाठ होती. आत तिला कधी सोडलं नव्हतं. आत पक्षकार आणि त्यांचे वकील, बस्स. पण आज दोन्ही वकिलांनी निरोप पाठवले. एकाची तब्येत बरी नव्हती, दुसऱ्याला दुसरीकडे जायचं होतं. कारकून दारात येऊन म्हणाला, “आता यांना वाचून कोण दाखवणार आणि त्यांना ऐकवणार कोण?”

फुंकणीने हात वर केला. वर्गात करतात तसा.

आत लांब टेबल, त्यामागे लवादबाई. पन्नाशी उलटलेली, चष्मा कपाळावर, आणि टेबलाखाली बूट काढून बसलेल्या. पाय सुजलेले दिसत होते. टेबलावर कागदांची थप्पी आणि त्यावर वजन म्हणून एक पितळी शिट्टी, पुराव्यातली. फुंकणीने ती लगेच ओळखली. पंचांची, मोठ्या दाण्याची.

“वकील नाहीत, म्हणजे आज काही होणार नाही,” लवादबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज ओढत नेल्यासारखा होता. “आवाजाचा तज्ज्ञ नेमायचाय तोही राहिला. आमच्या कायद्यात वस्तू ज्याने घडवली त्याची, वेगळं लिहिलं नसेल तर. आता हा शिट्टीचा साचा घडवला कोणी, कोरणाऱ्याने की आवाज लावणाऱ्याने, हे मला ठरवायचंय. माझ्या आयुष्यात मी जहाजांचे तंटे सोडवले, गोदामांचे सोडवले. शिट्टीचा पहिलाच.”

फुंकणीने हे सगळं काकांच्या कानात सांगितलं. काकांनी मान डोलावली.

कारकुनाने वही उघडली. “पुढची तारीख. पहिला सोमवार. दोन्ही पक्षांना चालेल?”

बाबा लगेच म्हणाले, “चालेल.”

फुंकणी बाबांकडे बघतच राहिली. बाबांच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं. ते विसरले होते. सकाळीच सांगितलेलं, वर्तुळं काढलेली, सगळं त्या ‘चालेल’मध्ये विरघळून गेलं होतं. काकांनी तिच्या दंडाला हलकेच धक्का दिला. “कधीची म्हणतोय?”

आता आपल्याच पेपरची तारीख यांच्या कानात आपणच ओरडायची!

“पहिला सोमवार, काका!” ती ओरडली. जरा जास्तच ओरडली. “पहिला सोमवार!”

“हां, हां. चालेल,” काका म्हणाले.

फुंकणीच्या डोळ्यांत पाणी आलं. स्पर्धेत तिने मोठ्या मोठ्या पोरांना मुद्द्यांनी चीत केलं होतं, आणि इथे रडायचं? बाहीने डोळे पुसून ती म्हणाली, “बाई, मी एक विचारू?”

“विचार.”

“आम्ही इथे का येतो? आमच्या गावात न्यायालय आहे. आमच्या गल्लीतून चालत जाता येतं. यांना दिसत नाही, त्यांना ऐकू येत नाही. इथे आमचं कुणी नाही. तो पत्र्याचा व्यापारीसुद्धा कधीच दुकान बंद करून गेला. एका पानावर चुकून लिहिलं म्हणून माणसाने किती वर्षं यायचं?”

कारकुनाने पेन खाली ठेवलं. लवादबाईंनी चष्मा कपाळावरून नाकावर आणला आणि तिच्याकडे नीट पाहिलं.

“पोरी, मी कुणाला बोलावलेलं नाही. तुमच्या शेवटच्या पानाने बोलावलंय. दोघांनी सही करून लिहिलं, की भांडलो तर इथेच भांडू, याच कायद्याने भांडू. आपण काय लिहिलं ते वाचलं नव्हतं, असं सगळेच म्हणतात. ते ऐकून सोडायला लागले तर सह्यांना अर्थ राहणार नाही. यातलं एकटा कुणी काही मोडू शकत नाही. पण दोघांनी मिळून लिहिलेलं दोघांना मिळून बदलता येतं. एक कागद, चार ओळी, दोन सह्या. आमचा वाद आमच्या गावात आणि आमच्या कायद्याने चालवा, एवढंच. मी आनंदाने फाइल बांधून पाठवीन.”

“एवढंच?”

“एवढंच. हे मी यांना पहिल्या बैठकीत सांगितलं. त्यानंतरच्याही बैठकीत सांगितलं. वकिलांसमोर सांगितलं.” त्या जरा थांबल्या. “तुला कुणी सांगितलं नाही?”

बाबा सदऱ्याचं बटण चाचपत होते. काका टेबलावरच्या शिट्टीकडे बघत होते, जणू काही ऐकूच आलं नाही. पण कान लाल झाले होते, दोन्ही.

परतीच्या बसमध्ये डबा रिकामा होता. ऊन खिडकीतून थेट तोंडावर येत होतं. पडदा ओढायचाही फुंकणीला कंटाळा आला. निम्मा रस्ता सरल्यावर ती म्हणाली, “तुम्हाला माहीत होतं.”

बाबा खिडकीबाहेर बघत राहिले. त्यांना बाहेरचं काय दिसत होतं देव जाणे.

“काका, तुम्हालाही माहीत होतं.”

“आं?”

“आं नका करू. ऐकू आलंय तुम्हाला.”

काका पलीकडच्या सीटवरून उठले आणि पुढच्या रिकाम्या सीटला वळसा घालून तिच्या समोर येऊन बसले, उलट्या दिशेला तोंड करून. सीटच्या दांडीवर दोन्ही हात ठेवले. बोटांना पोलादाचे जुने चरे होते.

“तुझ्या बापाने आधी सही करायला हवी होती.”

“मी का आधी? साच्यावर हक्क तू सांगितलास.”

“आधी जो कागद पुढे करेल तो नमला, असं होतं ते,” काका म्हणाले.

“बस? एवढ्यासाठी?” फुंकणी म्हणाली. “आमच्या वर्गातल्या पोरीसुद्धा अशा रुसत नाहीत हो!”

बाबांनी सुस्कारा सोडला. “एवढंच नाही गं. आपल्या गावात आणलं तर आपला कायदा लागतो. आपल्या कायद्यात भागीदारीत आलेली वस्तू दोघांची. त्यात ठरवायचं काही राहत नाही. एका बैठकीत निकाल.”

“मग चांगलंच की!”

“काय चांगलं?” काका म्हणाले. “दोघांचा साचा, आणि दोघं एका छपराखाली काम करणार नाहीत. मग न्यायालय काय म्हणणार? विका. कोण घेणार पितळी शिट्टीचा साचा? भंगारवाला. तोडून, वजनावर. अर्धं याला, अर्धं मला.”

“इथे निदान केस चालू आहे,” बाबा पुढे वाकून म्हणाले.

“चालू कुठे आहे? बसलीय ती!” फुंकणी म्हणाली.

“बसलीय तर बसू दे. मोडली तर नाही.”

काकांनी होकारार्थी मान हलवली. त्या दोघांचं इतक्या दिवसांत पहिल्यांदाच एकमत झालं होतं, आणि ते असल्या गोष्टीवर. फुंकणीला आता उमगलं. यांना निकाल नकोच होता. निकाल लागला असता तर साचा गेला असता आणि ही बसही गेली असती, अंडी, मीठ, ठिसूळ पोलादाच्या गप्पा, सगळंच. ताकाला जायचं आणि भांडं लपवायचं. एवढ्या लांबचं ताक, आणि भांडं धरायला फुंकणी!

“मग समेट करा ना सरळ,” ती म्हणाली. “कार्यशाळा उघडा. पुन्हा पितळ—”

“थोडं प्लॅस्टिक तरी काढावं लागेल,” काका म्हणाले.

“मेलो तरी नाही,” बाबा म्हणाले.

“बघ. बघ हा कसा आहे.”

“कसा आहे म्हणजे? सर्दी झालेलं कोंबडं विकू?”

आणि लागलेच दोघं. मागच्या सीटवरचं बाळ जागं होऊन रडायला लागलं. फुंकणीला दोघांची कीव आली, खरंच आली, म्हाताऱ्या होत चाललेल्या दोन माणसांची, ज्यांना एकमेकांशी बोलायला दुसऱ्या प्रांताचा कायदा लागत होता. आणि त्याच वेळी इतका शीण आला, की डोळे उघडे ठेवणं जड झालं. आईला जेवताना काय होत असेल ते तिला त्या क्षणी कळलं. तिने दप्तरातून गणिताची वही काढली, काकांनी काढलेलं वर्तुळ उघडलं, आणि त्यावर डोकं ठेवून डोळे मिटून घेतले. झोप काही आली नाही.

घरी पोचले तेव्हा आई नुकतीच आली होती. स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसून ती बोटांवरची शाई घासत होती. शाई निघत नव्हती, ती घासतच होती.

“काय झालं?”

“तारीख,” बाबा चपला काढत म्हणाले.

“कधीची?”

“पहिला सोमवार.”

आईचे हात थांबले. “अहो, त्या दिवशी हिचा गणिताचा पेपर आहे.”

बाबा भिंतीला हात लावून उभे राहिले. आठवलं बहुतेक, कारण चेहरा एकदम उतरला. पण मग ते म्हणाले, “बघू काहीतरी. शाळेत बोलून बघू. पेपर काय, पुन्हा देता येत असेल… तारीख आता दिलीय, बदलायची म्हणजे पुन्हा दोघांनी अर्ज करायचा, आणि तो गडी काही आधी—”

“मी येते म्हटलं असतं,” आई म्हणाली, “पण आधीच दोनदा जास्तीची रजा झाली. मालक सोडणार नाही.” तिने कपाळाला हात लावला आणि शाई कपाळालाही लागली. “काय गं कार्टे, तू काहीच बोलत नाहीस? एरवी तर तोंडाचा पट्टा थांबत नाही.”

फुंकणी दप्तर धरून दारातच उभी होती. वाटेत तिने मनात मोठं भाषण जुळवलं होतं, मुद्देसूद, स्पर्धेतल्यासारखं. आईच्या कपाळावरची शाई बघून ते सगळं कुठल्या कुठे गेलं. उरलं तेवढं ती बोलली, आणि नेहमीसारखं मोठ्याने नाही.

“मी सोमवारी पेपर देणार आहे. आणि आई, तुला एक सांगायचंय, बाबांनी सांगायला हवं होतं पण ते सांगणार नाहीत. केस इथे आणता येते. चार ओळी आणि दोन सह्या. दोघांना पहिल्या दिवसापासून माहीत आहे.”

आईने बाबांकडे पाहिलं. बाबांनी मान खाली घातली. आईने हातातलं ओलं फडकं हळूच ओट्यावर ठेवलं.

“थांब, मला पुरं करू दे,” फुंकणी म्हणाली, जरी कुणी तिला अडवलं नव्हतं. “बाबा, केस इथे आणायची की तिथे ठेवायची, साचा ठेवायचा की मोडायचा, ते तुम्ही आणि काका ठरवा. मी सांगणार नाही, आणि कुणाला नमायलाही सांगणार नाही. पण मी परत त्या बसमध्ये बसणार नाही. पेपर असला तरी नाही, नसला तरी नाही. तुमचे कागद काकांना वाचून दाखवायला सांगा, त्यांना चांगलं दिसतं. आणि आत काय बोलतात ते त्यांच्या कानात तुम्ही ओरडा, तुम्हाला चांगलं ऐकू येतं. त्या शेवटच्या पानावर तुमच्या दोघांच्या सह्या आहेत. माझी नाही.”

बाबांनी तोंड उघडलं.

“माझं ठरलंय, बाबा,” ती म्हणाली. “मी अभ्यासाला बसतेय.”